खुडूक कोंबडीचा रोजा

खाडीपलीकडची (धागालेखिका):

आमच्या परसात एक गावठी कोंबडी खुडूक बसली आहे. चौथ्या रोज्याला मी टोपलीत भाताचं तूस घालून तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, यंदा हट्टानं अधूनमधून रोजा धरतो. दुपारी तीननंतर त्याचा वेळ जाता जात नाही. मग तो त्या टोपलीशेजारी जाऊन बसतो. परवा तिथूनच त्यानं हाक मारली, "खाला, हिनं पण रोजा धरलाय का गं? समोर तांदूळ टाकले तरी उठत नाही."

मी पटकन म्हटलं, "नाही रे, रोजा माणसांचा असतो." तो गप्प झाला, पण मला माझंच उत्तर पटलं नाही. त्या रात्री तरावीहच्या नमाजनंतर बराच वेळ तेच डोक्यात होतं.

अस्वस्थ व्हायचं कारण सांगते. कुरआनात सूरह अनआमच्या ३८व्या आयतीत म्हटलंय की जमिनीवर चालणारं प्रत्येक जनावर आणि दोन पंखांनी उडणारं प्रत्येक पाखरू हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत. मूळ शब्द आहे 'उमम', म्हणजे उम्मतचं अनेकवचन. सूरह नूरच्या ४१व्या आयतीत पंख पसरलेल्या पाखरांचा उल्लेख येतो आणि पुढे येतं की प्रत्येकाला आपली नमाज आणि आपली तस्बीह, म्हणजे अल्लाहचं गुणगान, ठाऊक आहे. सूरह इस्राच्या ४४व्या आयतीत तर स्पष्टच आहे की अल्लाहची तस्बीह न करणारी एकही वस्तू नाही, फक्त तुम्हाला त्यांची तस्बीह समजत नाही. पाखरांना नमाज आहे, तस्बीह आहे, मग रोजा "फक्त माणसांचा" असं मी कशाच्या बळावर म्हटलं?

दुसरीकडे, आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रमजानला एक लांबलचक मेसेज फिरतो. अस्वल सहा महिने उपाशी राहतं, साप उपाशी राहतो, उंट उपाशी राहतो, म्हणून रोजा विज्ञानानं सिद्ध झाला, असा त्याचा सूर असतो. हे मला मनापासून खटकतं. माझा रोजा अस्वलाच्या साक्षीवर उभा नाही. आणि अस्वलाच्या झोपेला आपण आपल्या वादात ओढावं, हे अस्वलावरही अन्यायाचं वाटतं.

तर इथल्या जाणकारांना विचारते आहे. समोर अन्न असूनही प्राणी खरंच खात नाहीत का? की माझी कोंबडी आजारी आहे? आणि आपल्या परंपरेत कुणी या विषयावर लिहून ठेवलंय का? मुलाला खोटं सांगायचं नाही आणि त्याचा प्रश्न उडवूनही लावायचा नाही.

गोठ्यातला डॉक्टर:

मी पशुवैद्य आहे, सातारा भागात. आधी कोंबडीचं सांगतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. ती आजारी नाही. खुडूक कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं, अंडी देणं थांबतं आणि भूकही कमी होते. दिवसातून साधारण एकदा ती उठेल, पंधरा-वीस मिनिटांत दाणे टिपेल, पाणी पिईल, भली मोठी दुर्गंधी विष्ठा टाकेल आणि परत अंड्यांवर जाईल. एकवीस दिवसांत तिचं वजन चांगलंच उतरतं. दाणे आणि पाणी टोपलीपासून चार पावलांवर ठेवा, म्हणजे अंडी गार पडायच्या आत ती परतेल.

"समोर अन्न असून खात नाही" हा तुमच्या भाच्यानं टिपलेला मुद्दा मात्र फार मोलाचा आहे. १९८० मध्ये म्रोसोव्स्की आणि शेरी या दोन शास्त्रज्ञांनी नेमका याच विषयावर लेख लिहिला होता. त्यांनी रानकोंबड्यांच्या खुडूक माद्यांवर प्रयोग केले होते. अन्न अगदी जवळ ठेवलं तरी त्या कमीच खातात आणि वजन घटत जातं. महत्त्वाचं असं की हे घटणं बेबंद नसतं. शरीर जणू स्वतःचं ठरलेलं वजनच रोज थोडं खाली आणतं. मध्येच काही दिवस अन्न काढून घेतलं आणि परत दिलं, तर ती कोंबडी भरपूर खाते, पण उबवणीच्या त्या दिवसाला जेवढं वजन असायला हवं तेवढ्यावर येऊन थांबते. म्हणजे ती भुकेनं तडफडत बसलेली नसते. तिची भूकच त्या कामापुरती मागे सरलेली असते.

अस्वलाचंही तसंच. अमेरिकेतलं काळं अस्वल पाच ते सात महिने गुहेत असताना खात नाही, पीत नाही, लघवी करत नाही, विष्ठा टाकत नाही. शरीरात साठणाऱ्या युरियातला नायट्रोजन ते परत प्रथिनं बनवायला वापरतं, म्हणून एवढं पडून राहूनही त्याचे स्नायू फारसे झिजत नाहीत. पण हे शिशिरनिद्रेचं शरीर आहे. माणसानं त्यावरून आपल्या चौदा तासांचा हिशेब मांडू नये. त्या मेसेजमध्ये बहुधा "ऑटोफॅजीला नोबेल मिळालं, म्हणजे रोज्याला मिळालं" असंही असेल. (ऑटोफॅजी म्हणजे पेशीनं स्वतःचेच निकामी भाग पचवणं.) ते २०१६चं नोबेल ओसुमी यांना मिळालं आणि त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं आहे.

आता एक कळकळीची विनंती. गाय-म्हैस चारा सोडते, रवंथ थांबवते, तेव्हा कृपया "तिचा आज उपास आहे" म्हणत बसू नका. आजारपणात प्राणी खाणं कमी करतात, हा आजाराशी लढण्याचा शरीराचा एक मार्ग असतो. बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये यावर लिहिलं आणि ते आता सर्वमान्य आहे. पण रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट दिवसभर बंद राहिलं तर प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल, विशेषतः लठ्ठ मांजर, तर यकृतात चरबी साचून ते दगावू शकतं. माझ्याकडे अशी मांजरं उशिरा येतात. मालक म्हणतात, "रुसलंय असं वाटलं."

तुळसवृंदावन:

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून मराठीकडे लक्ष गेलं. आपल्याकडे या सगळ्याला वेगवेगळे शब्द आहेत आणि आपण ते सरसकट एकात घालतो. संकल्प करून केला तो उपवास. वैद्यानं सांगितलं म्हणून किंवा अंगाला नको झालं म्हणून केलं ते लंघन. आणि मिळालंच नाही म्हणून झाली ती उपासमार. ताप आलेली गाय लंघन करते. दुष्काळात छावणीबाहेर उभी असते तिची उपासमार असते. मी एकादशी करते तो उपवास. पोट तिन्हीकडे रिकामंच.

मग खुडूक कोंबडी कुठल्या शब्दात बसते? लंघन म्हणवत नाही, उपासमार तर नाहीच. मला तिच्यासाठी शब्द सापडत नाही. माझ्या सासूबाई "ती बसलीय" एवढंच म्हणायच्या, त्यातच सगळं यायचं.

अलिफलाम:

वर ज्या शब्दाची शोधाशोध चालली आहे तो कदाचित अरबीतच मिळेल. मी काही वर्षं मदरशात अरबी शिकलो आहे, तेवढ्या अधिकारानं लिहितो.

'सौम' या धातूचा मूळ अर्थ आवरणं, थांबणं, स्थिर राहणं असा आहे. आणि हा शब्द रमजानचे रोजे फर्ज (बंधनकारक) व्हायच्या कितीतरी आधी अरब लोक जनावरांसाठी वापरत होते. चारा न खाता, न खिंकाळता निश्चल उभा असलेला घोडा म्हणजे 'साइम'. इस्लामपूर्व कवी नाबिगाच्या एका ओळीत काही घोडे 'सियाम' आहेत, काही नाहीत आणि काही लगाम चावत आहेत. अरबी कोशकार सौम शब्दाखाली हीच ओळ दाखल्याला देतात. वारा पडला तरी तो 'सौम', दुपारी सूर्य माथ्यावर थबकल्यासारखा वाटतो तेव्हा दिवसानंही 'सौम' केला म्हणायचे. कुरआनात सूरह मरियममध्ये बीबी मरियम (येशूची आई) "मी रहमानसाठी (अल्लाहसाठी) सौमचा नवस केला आहे" असं म्हणतात, तेव्हा तो न बोलण्याचा सौम आहे. त्यामुळे भाषेच्या अर्थानं तुमची कोंबडी निःसंशय साइम आहे. भाच्याला तेवढं तरी खुशाल सांगा.

शरीअतच्या अर्थानं मात्र तिचा रोजा होत नाही, आणि त्याचं कारण भूक नव्हे, नियत, म्हणजे मनातला संकल्प, आहे. रोजा त्याच्यावर आहे जो समजूतदार आणि वयात आलेला आहे. त्याहून पुढची गोष्ट हदीसमध्ये (प्रेषितांच्या वचनांत) अल्लाहच्या शब्दांत येते: आदमच्या लेकराचं प्रत्येक कर्म त्याचं स्वतःचं, रोजा मात्र माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन, तो माझ्यासाठी खाणंपिणं सोडतो. 'सोडतो' या शब्दावर सगळा भार आहे. जो सोडणार नाही असंही घडू शकतं, त्याच्याच सोडण्याला अर्थ येतो.

मला यासंबंधी सूरह हजची १८वी आयत फार आवडते. अल्लाहला सजदा करणाऱ्यांची यादी आहे: सूर्य, चंद्र, तारे, डोंगर, झाडं, जनावरं. ही सगळी नावं सरळ येतात, कुणाला वगळलेलं नाही. आणि मग माणसाची पाळी येते तेव्हा शब्द आहेत "आणि माणसांपैकी पुष्कळ". त्या यादीत फक्त आपल्यातच फूट आहे. सूरह अहजाबच्या शेवटी अमानतची आयत आहे, आकाश, पृथ्वी आणि डोंगर यांनी जी जबाबदारी घ्यायला नकार दिला ती माणसानं उचलली. तुमच्या भाच्याला दुपारी तीन वाजता स्वयंपाकघराच्या दाराशी जे वाटतं, ते त्या कोंबडीला वाटत नाही.

परंपरेत कुणी लिहिलंय का, असं विचारलंत. लिहिलंय, पण जपून वाचावं लागतं. १४व्या शतकातले इजिप्तचे विद्वान दमीरी यांनी 'हयात अल-हयवान' नावाचा प्राण्यांचा मोठा कोश लिहिला. त्यात 'सुरद' पक्ष्याची नोंद आहे. सुरद म्हणजे आपला खाटीक पक्षी, तोच जो पकडलेले टोळ आणि सरडे बाभळीच्या काट्याला खोचून ठेवतो. त्याला 'सव्वाम' असंही म्हणत, म्हणजे भरपूर रोजे धरणारा! आशुराचा (मोहरमच्या दहाव्या दिवसाचा) रोजा धरणारं पहिलं पाखरू हेच, अशी एक रिवायत फिरत असे. हदीसच्या जाणकारांनी ही रिवायत निराधार ठरवली आहे, म्हणून ती पुढे पाठवू नका. मात्र याच सुरदला मारायला मनाई असल्याची हदीस अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. मुंगी, मधमाशी, हुदहुद (हुप्पो पक्षी) आणि सुरद, या चार जीवांना मारू नये.

दुसरी गोष्ट मुंग्यांची. इब्न रजब या विद्वानांनी 'लताइफ अल-मआरिफ' या ग्रंथात फतह बिन शखरफ नावाच्या एका जाहिदची (विरक्त साधकाची) आठवण नोंदली आहे. तो रोज मुंग्यांसाठी भाकरीचा चुरा टाकायचा. आशुराच्या दिवशी मुंग्यांनी तो खाल्ला नाही. ही हदीस नाही, एका भल्या माणसाची आठवण आहे. मुंग्यांनी का खाल्लं नाही ते मला माहीत नाही. माझ्या मनात राहतो तो रोज मुंग्यांसाठी भाकरी कुस्करणारा माणूस.

प्रश्नचिन्ह:

मी धार्मिक नाही, पण हा धागा पहिल्यापासून वाचतो आहे. एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. प्रोलॅक्टिन वाढलं, भूक कमी झाली, कोंबडी बसून राहिली. इथं गोष्ट पूर्ण होते. त्यावर तस्बीह, सजदा, साइम असे शब्द चढवल्यानं कोंबडीबद्दल काय नवीन कळतं? मला भीती वाटते ती उलट बाजूची. एकदा का प्राण्याच्या भुकेला पवित्र ठरवलं, की ती भूक सोसण्याजोगी वाटू लागते. सर्कशीतला हत्ती, टांग्याचा घोडा, पिंजऱ्यातला वाघ. अनेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस मांस देत नाहीत, आणि फलकावर लिहितात "आज उपवास". त्या वाघाला कुणी विचारलं होतं?

खाडीपलीकडची:

प्रश्नचिन्ह, तुमची भीती खरी आहे आणि ती लिहिलीत हे बरं केलंत. पण मला वाटतं आपल्या वाचण्यात ती उलटी फिरते. "तुमच्यासारखेच समुदाय" हे एकदा मानलं की त्यांची भूक माझ्यावर येते. प्रोलॅक्टिन मला कोंबडी कशी बसते ते सांगतं आणि ते मला हवंच आहे, मी डॉक्टरांचा प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवला. पण तिच्यासमोर मी कसं उभं राहायचं, हे मला प्रोलॅक्टिन सांगत नाही. वाघाच्या उपवासाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. पिंजऱ्याची किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानं दुसऱ्याचा उपवास ठरवू नये.

आखातातला चिपळूणकर:

प्रश्नचिन्ह यांच्या शंकेवर आमच्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीचंच उत्तर आहे. मी पंधरा वर्षं दोह्यात आहे, इथं उंट रोज दिसतात म्हणून हे जास्त लक्षात राहतं.

अबू दाऊदमधली हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एका अन्सारीच्या (मदिनेच्या मूळ रहिवासी मुस्लिमांपैकी एकाच्या) बागेत गेले. तिथं एक उंट होता. त्यांना पाहताच तो हंबरला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. प्रेषितांनी त्याच्या कानामागून हात फिरवला, तो शांत झाला. मग विचारलं, हा उंट कुणाचा? एक तरुण पुढे आला. प्रेषित म्हणाले, अल्लाहनं तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराबाबत तुला अल्लाहची भीती वाटत नाही? तो माझ्याकडे तक्रार करतोय की तू त्याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस.

उंट म्हणजे उपाशी-तहानलेला राहण्यातला उस्ताद. वशिंडात चरबी असते (पाणी नव्हे, हा गैरसमज इथल्या नव्या लोकांतही असतो), अंगातलं पाणी कमी होऊन वजन पावपट घटलं तरी तो चालू शकतो आणि पाणी दिसलं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊ शकतो. अशा जनावराची तक्रार ऐकून घेतली गेली. "त्याला सवय असते" हे मालकाचं म्हणणं तिथं चाललं नसतं.

आणि मांजरीची हदीस तर सगळ्यांना माहीत आहे, 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायलाही सोडलं नाही. त्यापायी ती नरकात गेली. माझ्या वाचण्यात प्राण्यांवर लादलेल्या उपवासाबद्दल याहून कडक वाक्य आलेलं नाही.

अलिफलाम:

चिपळूणकरांच्या मुद्द्याला जोडून. प्रेषितांचे सहकारी हजरत अनस (र.) सांगतात की आम्ही मुक्कामाला उतरलो की उंटांवरचं ओझं उतरवल्याशिवाय नमाज पढत नसू. १३व्या शतकातले इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तर जनावरांचे मालकावरचे हक्क लिहून ठेवले. त्यात पहिलाच हक्क दाणापाण्याचा आहे, आणि जनावर म्हातारं झालं, आजारी पडलं, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी तो हक्क संपत नाही.

पाखरंवेडा:

मी ठाण्याच्या खाडीवर पक्षी बघतो. धर्माबद्दल बोलण्याइतका अभ्यास नाही, भुकेबद्दल थोडं सांगू शकतो.

दिवसा खाणारं प्रत्येक पाखरू रोज रात्रभर उपाशी असतं. चिमणीएवढ्या जिवाला हिवाळ्यातली एक रात्र काढायची तरी अंगात संध्याकाळी पुरेशी चरबी लागते, पहाटेपर्यंत ती जवळजवळ संपलेली असते. म्हणून सकाळी उजाडताच पाखरं खाण्यावर तुटून पडतात.

लांबच्या प्रवासाचं सांगायचं तर गॉडविट. चिखलात लांब चोच खुपसणारा हा पक्षी हिवाळ्यात आपल्या खाड्यांतही उतरतो. २०२२ मध्ये अलास्कातून निघालेलं, जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचलं. पाठीवर छोटा ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. वाटेत कुठं उतरलं नाही, खाल्लं नाही, प्यायलं नाही. निघण्याआधी हे पक्षी इतकं खातात की अंगाचा जवळपास निम्मा भार चरबीचा होतो आणि मग पोट, आतडी, यकृत आकसून घेतात. उडताना आतड्याचं ओझं कशाला?

पण मला सगळ्यांत जास्त हलवून गेलेला उपवास एम्परर पेंग्विनच्या नराचा. मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्राकडे निघून जाते. अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, जिथं पारा शून्याखाली चाळीसच्याही खाली जातो, तिथं तो नर दोन महिन्यांहून अधिक काळ ते अंडं पोटाच्या घडीखाली धरून उभा राहतो. जोडी जमवण्याचे दिवस धरले तर तो जवळपास चार महिने काही खात नाही, तहानेला फक्त बर्फ. वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग जातो. आणि मादी यायच्या आत पिल्लू बाहेर आलं, तर हा चार महिन्यांचा उपाशी बाप आपल्या अन्ननलिकेतून दह्यासारखा स्राव काढून त्याला भरवतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ इव्हॉन ल माओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपवासाचे टप्पे मोजले. आधी काही दिवस शरीर जुळवून घेतं. मग बराच मोठा काळ जवळजवळ फक्त चरबीवर जातो, प्रथिनं राखून ठेवली जातात. चरबी एका मर्यादेखाली गेली की स्नायू जळायला लागतात. तिथं पेंग्विन थांबतो. मादी आलेली नसली तरी तो अंडं सोडतो आणि समुद्राकडे चालू लागतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला त्याचा राग आला होता. नंतर समजलं, तो मेला तर अंडंही मरतंच आणि पुढच्या वर्षीचंही जातं.

खाडीपलीकडची:

पाखरंवेडा, तुमचा शेवटचा परिच्छेद मी सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) घरात मोठ्यानं वाचला. माझ्या अम्मीला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणून सांगितलंय आणि तरी दर वर्षी ती रडते, "मी कशी सोडू?" कुरआनात ज्या आयतींत रोजे फर्ज झाले, त्यांना लागूनच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे आणि लगेच म्हटलंय, अल्लाहला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड करायचं नाही. प्रेषितांनी (स.) रात्री न खाता रोज्याला रोजा जोडण्यालाही मनाई केली. हे सगळं अम्मीला पाठ आहे, तरी मनाला लागत नव्हतं. अंडं सोडून समुद्राकडे चालत निघालेला तो पेंग्विन ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यालापण हुकूमच आहे म्हणायचा."

तुमच्या पहिल्या मुद्द्यावरही एक सुचलं. तिर्मिजीतली हदीस आहे, तुम्ही अल्लाहवर खरा भरवसा ठेवलात तर तो तुम्हाला पाखरांसारखी रोजी देईल, ती सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात. आमच्या घरासमोरच्या वडावर मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) सुमाराला साळुंक्यांचा गलका होतो. त्यांचं खाणं तेव्हा थांबतं आणि आम्ही खजूर तोंडात घालतो. पहाटे आमचं थांबतं आणि त्यांचं सुरू होतं. इतकी वर्षं हे ऐकत आले, कधी जोडून पाहिलं नव्हतं.

सह्याद्रीतला पाऊस:

एक छोटी भर. पश्चिम घाटात पावसाळ्यात ॲटलस पतंग दिसतो, पंख पसरले तर वीतभराहून मोठा. प्रौढ पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. सुरवंट असताना जे साठवलं त्यावर आठ-दहा दिवस जगतो, जोडीदार शोधतो, संपतो. अलिफलाम यांच्या कसोटीवर हा कुठं बसतो?

अलिफलाम:

सुंदर उदाहरण. ज्याला तोंडच नाही त्याला आवरायचं काही नाही. त्याला साइम म्हणायला माझी जीभ अडखळते. पण त्याची तस्बीह मात्र आहेच, ती आपल्याला समजत नाही एवढंच.

गोठ्यातला डॉक्टर:

प्रश्नचिन्ह यांनी लादलेल्या उपासाचा विषय काढला म्हणून लिहितो. अंडी कमी झाली की व्यापारी पोल्ट्रीत कोंबड्यांना काही दिवस उपाशी ठेवून पिसं झाडायला लावण्याची एक पद्धत आहे. त्यानंतर त्या पुन्हा अंड्यावर येतात. ती कोंबडीही खात नाही आणि तुमची टोपलीतलीही खात नाही, वजन दोघींचं घटतं. पण मी दोघींना पाहिलं आहे. उपाशी ठेवलेली पिंजऱ्याच्या तारेवर चोच आपटत राहते, शेजारणीची पिसं उपटते. खुडूक बसलेली डोळे अर्धे मिटून असते आणि हात नेलात तर फुगून गुरगुरते. तुळसवृंदावन यांना हवा असलेला फरक इथं आहे.

वाळूतली पावलं:

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांवर काही हंगाम काम केलं आहे. तिथं २००२ पासून घरटी राखली जातात. पिल्लं वाळूतून वर येतात आणि थेट पाण्याकडे धावतात. पहिले काही दिवस ती जवळजवळ काहीच खात नाहीत, पोटात उरलेल्या बलकावर खोल समुद्राकडे पोहत राहतात. तेव्हा पोटाखाली तो बलक जिरल्याची खूण दिसते.

सूरह अनकबूतची ६०वी आयत एका मित्रानं ऐकवली होती, कितीतरी जीव असे आहेत की जे आपली रोजी बरोबर घेऊन फिरत नाहीत, अल्लाहच त्यांना देतो आणि तुम्हालाही. मी त्याला म्हटलं, ही पिल्लं घेऊन फिरतात की. तो म्हणाला, शिदोरी बांधून कुणी दिली ते बघ.

तुळसवृंदावन:

भाच्याला शेवटी काय सांगितलंत ते लिहा नक्की.

खाडीपलीकडची:

पंचविसाव्या रोज्याला पहाटे टोपलीतून चिवचिव आली. नऊपैकी सात फुटली. एक अंडं वांझ निघालं, एकात पिल्लू पुरं झालं नव्हतं.

भाच्याला मी अलिफलाम यांचा घोडा सांगितला, न खाता स्तब्ध उभा असलेला. म्हटलं, तुझी कोंबडी तशी साइम आहे, तिला जे काम दिलंय त्यात ती आहे. तू रोजेदार आहेस, कारण तुला दारामागच्या डब्यातली करंजी दिसत होती आणि तू घेतली नाहीस. तो म्हणाला, "एकदा घेतली होती." मी म्हटलं, लहान मुलांवर रोजा फर्ज नाही. मदिनेत आशुराच्या दिवशी बायका मुलांनाही रोजा धरायला लावायच्या आणि कुणी भुकेनं रडलं तर लोकरीचं खेळणं हातात द्यायच्या, इफ्तारपर्यंत. हे बुखारीत आहे. तुझं खेळणं ती टोपली होती.

डॉक्टरांचं ऐकून पहिल्या आठवड्यापासूनच दाण्यापाण्याचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. सहरीला उठला की आधी परसात जायचा, वाटीतलं पाणी बदलायचा, तांदळाच्या कण्या टाकायचा, मगच ताटावर बसायचा. सहरीची वेळ संपत आली तरी आम्ही थांबायचो.

आज सकाळी पिल्लांसमोर बारीक कण्या टाकल्या, एकानंही चोच लावली नाही. तो धावत आला, "खाला, यांनीपण!" त्याला वेळासच्या कासवांचं सांगितलं. पोटात बलक आहे, एक-दोन दिवस त्यांना काही लागत नाही. कोंबडी मात्र टोपलीतून उतरली होती आणि त्या कण्यांवर तुटून पडली होती. अधूनमधून क्लक-क्लक करत एकेक कणी चोचीत उचलून पिल्लांपुढे टाकत होती.